निपाणीच्या बाईंचा एक स्टार

सकाळी तोंड धुवायच्या आधी मी मोबाईल उघडते आणि टाइप करते, बेळगावात लग्नाची साडी. माझ्या मोबाईलला माझ्या सवयी पाठ आहेत, मला बरं वाटेल तेच तो पुढं आणून ठेवतो. म्हणून मी आधी त्याची सगळी आठवण पुसते आणि मग परक्या गिऱ्हाइकासारखी शोधते. पहिलं नाव येतं ते कॅम्पात जायच्या रस्त्यावरच्या मोठ्या शोरूमचं. त्याच्या खाली त्याच शोरूमची दुसरी शाखा. शहापुरातलं आमच्या आक्काचं दुकान दिसायचं तर अंगठा खाली खाली ओढत राहावं लागायचं, आणि एवढा अंगठा कोण ओढतं?

त्या शोरूमचं काम माझ्या मैत्रिणीकडं आहे. मैत्रीण म्हणायचं की नाही हा वेगळा विषय.

धंद्यात चढाओढ असतेच, असं मला समजावणारे खूप भेटलेत. मी त्यांना सांगते की ही चढाओढ नाही. मी जळते. तिच्या शोरूमचं नाव वर दिसलं की मला चहा गोड लागत नाही, आणि हे मी कुणापासून लपवलेलं नाही. पत्रकं लिहून लिहून मला एक सवय लागली आहे, जे आहे ते मथळ्यातच सांगून टाकायचं.

कॉलेजात असताना आम्ही दोघी सीमाभागातल्या मराठीसाठी पत्रकं काढायचो. काढायचो म्हणजे मी लिहायची आणि ती वाटायची. शहापुरातल्या एका बोळात छापखाना होता, तिथं बाकड्यावर बसून मी मजकूर तयार करायची. ‘मराठी बंधू-भगिनींनो’ इथून सुरुवात, मग तीन मुद्दे, मग मागणी, मग इशारा. तीनच मुद्दे, कारण चौथा कुणी वाचत नाही, हे आम्हाला थोरांनी शिकवलं होतं. माझ्या मजकुरावर टाळ्या पडायच्या. सभेत माझं वाक्य कुणी दुसऱ्यानं म्हटलं की मला दिवसभर पुरायचं.

ती निपाणी-चिकोडीकडची, शेती आणि दुकानदारी असलेल्या जैन घरातली. आईशी मराठी, आजोबांशी कन्नड, आणि भावाशी भांडताना दोन्ही. मी खानापूरकडच्या गावातली, वडील नोकरीसाठी शहरात आले तशी आले. कन्नड मला येतं, पण मी ते दंड भरल्यासारखं बोलते. तिला ते घरचं.

एकदा निपाणीच्या स्टँडवर ती डोक्यावर बुट्टी घेतलेल्या बायकांशी कन्नडातनं गप्पा मारत मारत आमचं मराठी पत्रक त्यांच्या हातात देत होती. मी तिला बाजूला घेऊन झापलं. मराठीचं पत्रक आणि कन्नडात वाटतेस, लाज वाटत नाही का, असं काहीतरी बोलले. ती शांतपणे म्हणाली, ‘‘अगं, घेतलं का न्हाय त्यांनी?’’

घेतलं होतं. माझ्या हातातली चळत तशीच होती, तिची संपली होती. जळायला तेव्हापासूनच सुरुवात झाली असावी.

पुढं आम्ही दोघी या इंटरनेटच्या जाहिरातीच्या धंद्यात आलो. दुकानांना नकाशावर आणायचं, त्यांची पानं बनवायची, कुणी शोधलं की आपलं नाव वर यावं अशी खटपट करायची. ती माझ्या आधी आली. टिळकवाडीत तिचं ऑफिस आहे, काचेच्या दाराचं, आत गारवा आणि दाराशी कुंडी. पाटी तीन लिप्यांत आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा गारवा, कुंडी काही बघितलं नाही, मराठी किती नंबरला आहे तेवढं बघितलं. दुसऱ्या. मी ते बोलून पण दाखवलं. तिनं हसून पाणी दिलं.

माझं ऑफिस म्हणजे शहापुरात आक्काच्या दुकानावरची भाड्याची खोली. आक्का माझी कुणी नात्यातली नव्हे, पण सगळी गल्ली तिला आक्का म्हणते. मागच्या खोलीत दोन माग, पुढं दुकान, मध्ये पडदा. गिऱ्हाईक साडी बघत असताना पडद्यामागनं मागाचा खटखटाट येत असतो, हीच तिची जाहिरात होती इतकी वर्षं. मला दुसरं कुणी काम देत नव्हतं तेव्हा तिनं दुकानाचं पान माझ्या हवाली केलं. ‘‘तुला लिवता येतंय न्हवं, मग लिव की,’’ म्हणाली.

मी लिहिलं. ‘विवाहसोहळ्यासाठी अस्सल पारंपरिक वस्त्रवैभव, सीमाभागाची विणकर अस्मिता.’ मला ते वाक्य अजून आवडतं. पण साडी घ्यायला निघालेली बाई मोबाईलला काय विचारते? ती विचारते, जवळ काठाची साडी कुठं मिळंल. अस्मिता कुठं मिळंल असं कुणीही विचारत नाही. शोधयंत्राला अस्मिता कळत नाही, त्याला फक्त लोक काय विचारतात ते कळतं, आणि लोक जसं बोलतात तसं विचारतात. शोरूमच्या पानावर मैत्रिणीनं काय लिहिलंय ते मी बघितलं. ‘लग्नाची साडी, मुहूर्ताची साडी, डोहाळजेवणाची हिरवी साडी, नऊवारी शिवून मिळेल.’ तेच खाली कन्नडात, तेच इंग्रजीत. एक वाक्य धड नाही. आणि तिचं दुकान पहिलं.

मला राग कशाचा आला सांगू? पूर्वी भिंत होती. भिंतीवर ज्याचं पत्रक आधी लागलं त्याची भिंत. दुसऱ्यानं फाडलं तर कुणी फाडलं ते गल्लीला माहीत असायचं. या शोधयंत्राच्या भिंतीवर तुम्हाला खाली कोण ढकलतं, का ढकलतं, काही कळत नाही. निवेदन द्यायला निदान कलेक्टर तरी असतो. त्याच्या दारात बसता येतं. इथं दारच नाही.

तरी खाली का असेना, आक्काचं दुकान होतं. मग तो एक स्टार पडला.

कुणा बाईनं लिहिलं होतं, ‘साडी पहिल्याच धुण्यात रंग सोडली. कोण घेऊ नका.’ पाचातला एकच स्टार. मोठ्या शोरूमला असले दहा पडले तरी शंभरांत बुडून जातात. आक्काकडं मोजून बोटावरचे रिव्ह्यू, त्यामुळं दुकानाचं नाव उघडलं की पहिलं हेच दिसायचं. लग्नसराई तोंडावर आलेली. बायका दुकानाच्या पायरीपर्यंत यायच्या, मोबाईल बघायच्या, एकमेकींकडं बघायच्या आणि पुढं जायच्या. एका नवरीच्या आईनं तर तोंडावरच विचारलं, तुमच्याकडचा रंग जातो म्हणे. आक्काच्या सासऱ्यांच्या काळापासून कुणी असं विचारलं नव्हतं. त्या दिवशी आक्कानं पडद्यामागं जाऊन माग बंद केला, दुपारीच.

मी काय केलं? मला जे येतं ते. त्या रिव्ह्यूखाली दुकानाच्या वतीनं उत्तर लिहिलं. मथळा, जाहीर निषेध. मुद्दा पहिला, शहापूरची विणकामाची परंपरा. मुद्दा दुसरा, मराठी व्यावसायिकांना बदनाम करण्याचा मराठीद्वेष्ट्यांचा कट. मुद्दा तिसरा, संबंधितांनी जाहीर माफी मागावी. खाली इशारा. मला वाटलं, जमलं.

दोन दिवसांत ते गावभर फिरलं. आक्काच्या दुकानानं गिऱ्हाइकावर मोर्चा काढलाय, असं लोक एकमेकांना पाठवत होते. माझ्या कुठल्याही पत्रकाला एवढे वाचक मिळाले नव्हते.

मग मी दुसरा मार्ग धरला. आक्काकडं हळदीकुंकू होतं, वर्षानुवर्षं तिच्याकडनं साड्या नेणाऱ्या बायका जमल्या होत्या. वाण देता देता मी एकेकीला धरलं आणि रिव्ह्यू टाकायला लावले. खऱ्या बायका, खऱ्या साड्या, एक शब्द खोटा नाही. फक्त त्या बोलत होत्या ते मी जरा नीट करून टाकत होते. एक म्हणाली, ‘‘मऊ हाय गं, नेसली की अंगावर बसतीया.’’ मी टाकलं, ‘वस्त्राचा पोत अत्यंत मुलायम असून परिधान करण्यास सुखकर.’ दुसरी म्हणाली, धाकट्या जावेला पण हितलीच घेतली, ती जळाली पाहिजे म्हणून. मी टाकलं, ‘आप्तेष्टांसाठीही उत्कृष्ट पर्याय.’ मोर्चाच्या वेळी आम्ही असंच करायचो. मजकूर एक, सह्या सगळ्यांच्या, त्यातच ताकद असते.

थोड्याच दिवसांत ते रिव्ह्यू एकेक करून दिसेनासे झाले. यंत्रानं काढून टाकले. एकाच दिवशी, एकाच खोलीतनं, एकाच तोंडातनं आल्यासारखे, म्हणजे खोटेच असणार, असं त्याला वाटलं असावं. मी तक्रार केली. छापील उत्तर आलं. मी पुन्हा तक्रार केली, मुद्देसूद. तेच उत्तर पुन्हा आलं. खऱ्या बायकांचं खरं बोलणं खोटं ठरलं आणि तो एक स्टार तेवढा खरा म्हणून जागेवर राहिला.

आणि अशातच आक्कानं मला खाली बोलावलं. साड्यांच्या घड्या घालत, माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘‘ती टिळकवाडीची पोरगी येऊन गेली. तुमचं पान मी बघते म्हणाली.’’

मी म्हटलं, तिची हिंमत कशी झाली.

‘‘मीच बोलावलंतं,’’ आक्का म्हणाली.

हे मला लागलं. मी म्हटलं, तिच्याकडं शोरूमचं काम आहे, ती तुमचं भलं कशाला करेल? आक्का म्हणाली, तेही विचारलं होतं. शोरूमवाले तुमच्यासारखी मागावरची साडी ठेवतच नाहीत, ज्याला ती पाहिजे त्याला तुमच्याकडंच यावं लागतंय, असं उत्तर तिनं दिलं होतं. उत्तर बरोबर होतं, म्हणून मला आणखी झोंबलं. इतके दिवस मी या दुकानाच्या डोक्यावर राहते, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला नको होती का?

मी आक्काकडं थोडा वेळ मागितला. लग्नाची गिऱ्हाइकं यायला लागेपर्यंत. तो एक स्टार गेला नाही तर पान तिला देऊन टाका, मी हूं म्हणणार नाही. आक्का म्हणाली, बरं.

वर येऊन मी त्या एक स्टारवाल्या बाईच्या नावावर बोट ठेवलं. तिनं आणखी कुठं कुठं काय लिहिलंय ते सगळं दिसतं, एवढं तरी यंत्र करतं. आणि बघते तर काय, त्याच बाईनं मैत्रिणीच्या शोरूमला पाच स्टार दिलेले. भलं मोठं लिहिलेलं, अर्धं कन्नड, अर्धं मराठी, मध्येच गाडी लावायला जागा नाही म्हणून तक्रार. असं कुणी खरं माणूस लिहितं का? मला पुरावा सापडला. मैत्रिणीनं माणूस उभं केलं होतं, आपल्या शोरूमला वर आणि आक्काला खाली. मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. ती चोर असावी असं मला किती दिवसांपासून वाटत होतं, म्हणजे वाटावं असं वाटत होतं.

तिच्या नावाशेजारच्या फोटोत बांगड्यांचं दुकान होतं, मागं निपाणीच्या स्टँडची कमान. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली. संकेश्वर मागं पडेपर्यंत मी प्रश्नांची उजळणी करत होते. मोबाईलमध्ये बोलणं रेकॉर्ड करायची सोय तयार ठेवली. मनातल्या मनात मथळाही तयार होता.

दुकान सापडलं, बाई पण सापडली. खरीखुरी होती. चांगली ऐसपैस, कपाळाला मोठं कुंकू, आवाज असा की स्टँडवरनं ऐकू यावा. मला बघून म्हणाली, ‘‘बर्री, कूडरी,’’ म्हणजे या, बसा, आणि स्टूल पुढं सरकवलं. मी बसले, आणि साडीच्या रिव्ह्यूबद्दल विचारायला आलेय म्हणून सांगितलं.

‘‘टिळकवाडीच्या आपिसातनं आलीस व्हय?’’ बाईनं विचारलं. ‘‘ती फोनवाली पोरगी कशी हाय?’’

मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. बरी आहे म्हटलं. चौकशीला ते सोयीचं होतं.

मग बाई सुटल्या. शोरूमच्या साडीचा फॉल पहिल्याच नेसण्यात निघाला होता, म्हणून त्यांनी आधी शोरूमला दोन स्टार ठोकले होते. चारच दिवसांत माझी मैत्रीण दुकानात येऊन हजर. याच स्टुलावर बसली, कन्नडात घरच्या आजीची चौकशी केली, शेजारच्या शिंप्याकडनं फॉल लावून आणला, चहा प्यायली. स्टार बदला म्हणून तोंडातनं काढलं नाही. बाईंनीच मग आपणहून पाच करायचे ठरवले. मोबाईलवर लिहायला येत नाही, तर पोरीनं बोलून टाकायचं शिकवलं.

‘‘मी म्हटलं, गाडी लावायला जागा न्हाय, ते पण घाल. घातलं तिनं. एक अक्षर बदललं न्हाय बघ,’’ बाई म्हणाल्या. ‘‘लई गुणाची पोरगी. लगीन ठरलं का तिचं?’’

मी म्हटलं, मला माहीत नाही. रेकॉर्डिंग चालूच होतं. माझ्या शत्रूची स्तुती मी माझ्याच मोबाईलमध्ये साठवत होते.

मी विषय शहापूरच्या साडीवर आणला. बाई आत गेल्या आणि पिशवीतनं साडी घेऊन आल्या. हिरवी, लाल काठाची. उघडून माझ्या मांडीवर टाकली. काठाचा लाल रंग उतरून हिरव्या अंगावर पसरला होता, हाताएवढे डाग. पोरीच्या डोहाळजेवणासाठी घेतली होती. एकदा नेसली, एकदा धुतली. फेकवत नाही म्हणून ठेवली होती.

‘‘साडीचं लिवलं मी,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तर दुकानवाल्यांनी भलं मोठं उत्तर दिलं. जावयानं सगळ्यांम्होरं वाचून दावलं. कट म्हणे. अगं मी बांगड्या विकते, मला कसला कट? मराठीद्वेष्टी म्हणे. माझ्या आईचं म्हायार कोल्हापूरकडं हाय, मी कुणाचा द्वेष करू?’’

त्या हसत बोलत होत्या, पण जावयानं वाचून दाखवलं तेव्हा हसल्या नसाव्यात. मी रेकॉर्डिंग बंद केलं. म्हटलं, साडी मला द्या, दुकानात दाखवते. त्यांनी लगेच दिली. टिळकवाडीच्या पोरीवर त्यांचा तेवढा विश्वास होता.

परतीच्या गाडीत साडी मांडीवर घेऊन मी बसले होते. लाज वाटायला हवी होती, ती थोडी वाटलीही. पण जास्त काय वाटलं सांगू? त्या स्टुलावर ती माझ्या आधी बसून गेली होती. मी जिथं पुरावा शोधायला गेले तिथं ती चहा पिऊन आली होती. माणसं उभी करायची तिला गरजच नव्हती, माणसं तिच्यासाठी उभी राहत होती. ती चोर निघाली असती तर मला किती सोपं गेलं असतं.

आक्कानं साडी उजेडात धरली. काठ दोन बोटांत घेऊन चोळला, उलटा करून बघितला. माझ्या मागावरचीच, म्हणाली. एका खेपेला लाल सूत कच्च्या रंगाचं आलं होतं. कळल्यावर त्या खेपेच्या साड्या नेणाऱ्या सगळ्यांना पहिलं धुणं वेगळं, मिठाच्या पाण्यात, असं तिनं सांगितलं होतं. या बाई त्या आधीच घेऊन गेल्या असणार. मी वाट बघत होते की ती मला त्या निषेधाबद्दल बोलेल. ती एवढंच म्हणाली, ‘‘कट व्हय? बाई रंग गेला म्हणती आणि आपण कट म्हणतोय.’’

कपाटातनं तसलीच हिरवी, लाल काठाची साडी काढली. काठ ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघितला. फडकं पांढरंच राहिलं. मग घडी घालून माझ्याकडं दिली. लग्नाची गिऱ्हाइकं कधीही येऊ लागतील म्हणून तिला दुकान सोडता येणार नव्हतं. मी परत निपाणीला गेले.

जायच्या आधी मी तो जाहीर निषेध काढून टाकला. मथळ्यासकट.

बाईंनी साडी उलगडून खांद्यावर टाकली, समोरच्या फळवाल्याला दाखवली, रस्त्यानं जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईला हाक मारून दाखवली. आक्कानं सांगितलं होतं ते सगळं मी सांगितलं, कच्च्या सुताचं, मिठाच्या पाण्याचं, चूक झाली हेही. स्टारबद्दल एक शब्द काढला नाही. काढायचा नाही हे मी मैत्रिणीकडनंच चोरलं होतं, कबूल आहे. चहा आला. चहा संपल्यावर बाईच म्हणाल्या, ‘‘आण बघू तो मोबाईल. त्यात बोलायचं हाय मला.’’

त्यांचा मोबाईल मी तोंडासमोर धरला आणि त्या बोलू लागल्या. यंत्र अक्षरं उमटवत होतं, मी बघत होते. ‘साडी बदलून दिली. नवीन लई झ्याक हाय. काठ जड हाय पण बसतोय. दुकान बोळात हाय, लवकर सापडत न्हाय, विचारत जावा. बाई प्रामाणिक हाय, चूक झाली म्हणाली.’ मध्येच दोन वाक्यं कन्नडात. माझा अंगठा शिवशिवत होता. झ्याकच्या जागी उत्कृष्ट, बोळाचं वाक्य गाळायचं, कन्नड वाक्यांचं मराठी करायचं. सगळं दिसत होतं मला. मी हात लावला नाही.

मग बाई म्हणाल्या, आणि यंत्रानं इमानानं उमटवलं, ‘टिळकवाडीच्या आपिसाची पोरगी दोनदा घरला आली. तिच्यामुळं झालं. लई गुणाची हाय.’

माझा अंगठा थांबला.

बाईंचा चष्मा गल्ल्यावर पडला होता. मी ते वाक्य पुसलं असतं तर त्यांना कळलं नसतं. किंवा तोंड उघडून सांगता आलं असतं की ती मी नव्हे, मी शहापूरची, तो कटवाला मजकूर लिहिणारी. पहिल्या दिवशी मी गप्प बसले ते सोयीसाठी, आता तोंड उघडलं तर साडी खांद्यावरनं उतरून परत माझ्या मांडीवर येईल अशी भीती वाटली. आणि पुसलं तर? मैत्रिणीनं एक अक्षर बदललं नव्हतं. मी बदललं असतं तर ती माझ्यापेक्षा कायमची वरचढ ठरली असती, आणि ते फक्त मला माहीत असतं, जे सगळ्यात वाईट. मी पाठवायचं बटण दाबलं.

बाईंनी एकाचे चार स्टार केले. पाचवा का नाही, म्हणून मी डोळ्यांनीच विचारलं असणार. ‘‘एक रंगाचा कापला,’’ म्हणाल्या.

आक्कानं तो रिव्ह्यू माझ्याकडनं वाचून घेतला. चूक झाली म्हणाली, या वाक्याला मान हलवली. बोळाच्या वाक्याला हसली. शेवटच्या वाक्याला माझ्याकडं बघितलं.

‘‘निपाणीला तू गेलतीस न्हवं?’’

मी सगळं सांगितलं, स्टुलापासून. ती घड्या घालत ऐकत होती. पडद्यामागं माग चालू होता. ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘‘पान तूच बघ. फक्त लिवू नगंस.’’

हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अपमान आणि सगळ्यात मोठी नेमणूक, दोन्ही एकाच वेळी झालं. तेव्हापासून मी लिहीत नाही. गिऱ्हाईक जे बोलतं ते तसंच टाकायला सांगते. एकीनं लिहिलंय की आक्का भाव कमी करत नाही. राहिलंय ते तिथं. यंत्रानं त्यातलं अजून तरी काही काढलेलं नाही. बायका पायरीवर उभ्या राहून निपाणीच्या बाईचं वाचतात, बोळाचं वाचून हसतात आणि चपला काढून आत येतात. चुका मान्य करणारं दुकान म्हणून लोक येतायत. मी परंपरेवर पानंच्या पानं लिहिली तेव्हा कुणी आलं नव्हतं.

आणि आत येणारी प्रत्येक बाई वाचून येते, टिळकवाडीच्या आपिसाची पोरगी लई गुणाची. माझ्या दुकानाच्या पानावर. सगळ्यात वर.

एका सकाळी मैत्रिणीचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. ‘‘निपाणीला मी दोनदा गेलते म्हणं. कवा गं?’’

मी म्हटलं, तुला कसं कळलं?

‘‘वाचलं की.’’

‘‘तू आक्काचं पान बघतीस?’’

‘‘रोज बघते,’’ ती म्हणाली.

मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहिते. निपाणीच्या गाडीत बसल्यापासून पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. तिच्याकडं काचेचं दार आहे, गारवा आहे, पहिला नंबर आहे, आणि तरी ती रोज सकाळी उठून माझ्या बोळातलं दुकान शोधते. मी विचारलं, कशाला बघतीस? ती म्हणाली, आक्कानं मला बोलावून परत नाही म्हणून सांगितलं ना, मग बघायला नको का, असं काय करतेस तू ते.

तिनं विचारलं, मी खाली खुलासा टाकू का, की ती मी नव्हे. मी म्हटलं, राहू दे. बाईंचं बोलणं आहे, कुणी हात लावायचा नाही. हे वाक्य तिला पोचावं म्हणून मी जरा सावकाश म्हटलं.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, ‘‘माझ्या मोबाईलवर आज शोरूमच्या वर दिसतंय गं आक्का.’’

हे होऊ शकतं. शोधणारा कुठं उभा आहे, आधी काय शोधलंय, यावर यंत्र क्रम बदलतं, ती रोज आक्काला शोधते म्हणून तिला आक्का वर दाखवत असेल. हे मला चांगलं माहीत आहे, दुसऱ्याला मीच समजावते. माझ्या मोबाईलवर शोरूम अजून पहिलंच आहे, आक्का थोडी वर सरकली आहे एवढंच. तरी मी तिला म्हटलं, स्क्रीनचा फोटो काढून पाठव.

पाठवते म्हणाली. अजून पाठवलेला नाही.